सातव्या पोराचं कातडं

सिनेमावाल्यांचा पहिला ट्रक आमच्या चढावर चिखलात रुतला, तेव्हाच मी म्हटलं होतं, ही माणसं इथून हसत जाणार नाहीत. मी हेर्मितास. स्पेनच्या डोंगरातल्या पेनाफ्रियातला एकुलता एक गुत्ता माझा. गावात कुणाकडं काय शिजतंय ते मला भांडं चुलीवर चढायच्या आधी कळतं, आणि माझ्या पोटात काही राहत नाही हेही सगळ्यांना ठाऊक आहे. तरी ही एक गोष्ट मी वर्षानुवर्षं दाबून ठेवली. आता एरुंदिनाताई गेली, पोट भरून जगून सुखानं गेली, म्हणून बोलते. वर गेल्यावर माझ्या झिंज्या धरायच्या असतील तर धरेल बिचारी.

एरुंदिना माझी थोरली बहीण. जिभेची तिखट, हाताची उदार. पावाची भट्टी सगळ्या गावाची. पण ती पेटवायची कधी, कुणाचा पाव आधी जायचा आणि करपला तर शिव्या कुणी खायच्या, हे ताई ठरवायची. पाद्रीसुद्धा आपला पाव तिला विचारून ठेवायचा. तिला एकच लेक, दोसिंदा. आईवर गेलेली, म्हणजे एकदा नाही म्हटलं की गाढवाच्या वर ताण. तिला लग्न करायचं होतं अमारोशी. आणि अमारो होता सातवा.

आमच्याकडं एवढं म्हटलं की पुढं बोलावं लागत नाही, पण तुम्ही लांबची माणसं, म्हणून सांगते. एका आईला ओळीनं सात मुलगे झाले, मध्ये मुलगी नाही, तर सातवा लांडगामाणूस होतो. पुनवेच्या सुमारास कुठंतरी दडवलेलं कातडं अंगावर चढवतो आणि रानात हिंडतो. त्यावर उपाय सोपा आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी सगळ्यात थोरल्या भावानं त्याला हातात धरायचं, त्याचा धर्मपिता व्हायचं. झालं, पीडा टळली. पण अमारोच्या वेळी थोरला बाल्दोमेरो कापणीच्या मजुरीला दूर कास्तियात गेलेला. आमची सगळी पोरं तेव्हा जायची. इकडं आई बाळंतपणातच गेली, पोर निळं पडलं, पाद्रीची गडबड उडाली. चर्चची घंटा वाजवणारा म्हातारा समोर दिसला, त्याच्याच हातात पोर दिलं. बाल्दोमेरो परत आला तोवर डोक्यावर पाणी पडून गेलं होतं, आणि ते पाणी काही दुसऱ्यांदा पाडत नाहीत. तो पुढं बोटीनं ब्वेनोस आयरेसला गेला तो गेलाच.

आता गावाची अक्कल बघा. लांडगे आपल्यातल्या माणसाच्या कळपाला तोंड लावत नाहीत म्हणे, म्हणून सगळ्यांनी आपापल्या शेळ्या चारायला अमारोकडं दिल्या. शेळ्या बिनघोर द्यायच्या, पोरगी मात्र द्यायची नाही! मी हे गुत्त्यात बोलून दाखवलं की सगळे पेल्यात तोंड खुपसायचे.

अमारो उंच, खांद्यांनी रुंद, आणि बोलायला इतका कमी की त्याच्यासमोर मलाही गप्प बसावंसं वाटायचं. सकाळी दाढी करायचा, संध्याकाळी पुन्हा करायचा. गाल सोलून निघायचे बिचाऱ्याचे. पुनव जवळ आली की वर कुरणातल्या झोपडीत जाऊन राहायचा आणि चंद्र उतरेपर्यंत खाली यायचा नाही. ताईचा नकार ठाम होता, पण खरं सांगू का, ताईपेक्षा मोठी अडचण अमारोच होता. माझ्या परसात दोघं एकदा बोलत होती. मी आत कांदा चिरत होते. कान काय, उघडेच असतात.

“दोसिंदा, तू दुसऱ्या कुणाशी तरी लग्न कर.”

“नाव सांग. कुणाशी करू?”

“कुणाशीही.”

“कुणाशीही करायचं तर तुझ्याशीच करते की.”

तो हसला नाही. म्हणाला, “आणि उद्या घरात पोर झालं, आणि एखाद्या पुनवेला माझं भान गेलं तर?”

“आजवर कधी गेलंय?”

“मला काय माहीत? भान गेलेल्याला ते कळतं होय?”

  एवढा धडधाकट बाप्या स्वतःलाच घाबरत होता. माझा जीव इतका तुटला, की त्या भरात मी बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकाला उतरलेली, आंबट दारू वाढली.

त्याच शरदात सिनेमावाले आले. चेस्टनट पडायला लागले होते, डोंगर तांबूस झाला होता. डायरेक्टरचं नाव उर्बिना. माद्रिदचा, किडकिडीत, सिगारेटवर सिगारेट लावणारा. पहिल्याच दुपारी माझ्याकडं कोबी-बटाट्याचं गरम कालवण ओरपता ओरपता त्यानं सांगितलं, की सिनेमा लांडगामाणसाचा आहे.  मग त्यानं दारावरची माझी पाटी काढायला लावली.

“का बरं? चांगली रंगवलेली पाटी आहे.”

“सिनेमात हे हंगेरी आहे, बाई.”

“हे पेनाफ्रिया आहे.”

“मला माहीत आहे. पण सेन्सॉरला स्पेनमधला लांडगामाणूस चालत नाही. त्यांचं म्हणणं, असलं काही आपल्या देशात नसतं. हवा असेल तर परदेशातला दाखवा.”

“म्हणजे आमच्याकडं लांडगामाणसं नाहीत असं माद्रिद म्हणतंय?” कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, आणि आवाज असा की जणू कुणी त्याच्या घरावर हक्क सांगितलाय. “त्यांना म्हणावं, इथं या आणि बघा!”

सगळे हसले, आणि हसता हसता एकदम थांबले. कारण अमारो दारात उभा होता. दूध घेऊन आला होता. कासंडी खाली ठेवून त्यानं उर्बिनाला विचारलं, “साहेब, खरंच तसं म्हणालेत ते? नसतात म्हणून?”

“म्हणालेत ना.”

“मग मी कोण?”

उर्बिनाला वाटलं, गडी विनोद करतोय. खो खो हसला. अमारो कासंडी रिकामी व्हायची वाट बघत तसाच उभा राहिला. मला त्या माद्रिदवाल्याच्या डोक्यावर कालवण ओतावंसं वाटलं, पण पातेलं जड होतं.

आता त्यांचा हीरो. देखणा होता, नाही कशाला म्हणू? पण पायात शहरी बूट आणि आमच्याकडं ओल्या पाटीच्या दगडाचे रस्ते. दुसऱ्याच दिवशी भिंतीवरून उडी मारताना असा काही मुरगळला की घोटा वांग्याएवढा झाला. जवळून चेहरा दाखवायचा तर तो बसून दाखवू शकत होता. पण पळणार कोण? लांडग्यानं अख्ख्या डोंगरउतारावरून पळत यायचं होतं. उर्बिना डोक्याला हात लावून माझ्या गुत्त्यात बसला.

“इथं डोंगरात पळणारा कुणी आहे का? हीरोच्या उंचीचा?”

 सगळ्यांच्या माना आपोआप एकाच बाजूला वळल्या. मेले! तोंडानं बोलायची हिंमत नाही, मान बरी वळते!

अमारो लालबुंद झाला. “मला नको,” म्हणाला. “जे व्हायचं नाही म्हणून मी जन्म काढतोय, तेच मला सगळ्यांसमोर करायला सांगता?” आणि तो निघालाच होता. दोसिंदानं त्याला दारात अडवलं.

“घाल ते कातडं,” ती म्हणाली.

“दोसिंदा!”

“घाल. दिवसाउजेडी घाल, माझ्यासमोर घाल. कसा दिसतोस ते बघू दे मला एकदाचं. मग घाबरायचं की नाही ते माझं मी ठरवते. तू एकटाच का ठरवतोस?”

 मग उर्बिनाकडं वळून त्यानं होकाराची मान डोलावली. मला आनंद व्हावा की भीती वाटावी ते कळेना. दोन्ही झालं.

हे सगळं माझ्या गुत्त्यात ठरलं, हे ताईला कळलं तेव्हा तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. शूटिंगच्या वाऱ्यालासुद्धा ती उभी राहत नव्हती. “देवाची थट्टा आहे ही,” म्हणायची, आणि जाता येता सिनेमावाल्यांच्या दिशेनं क्रूस काढायची. बोलणं टाकण्याआधीचं तिचं शेवटचं वाक्य माझ्या लक्षात राहिलं. “आता तर सगळ्यांना दिसेलच,” असं म्हणाली होती, आणि त्यात राग नव्हता. कसलीतरी घाई होती. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

अमारो पळायचा तो दिवस नेमका पाव भाजायचा होता. पहाटेपासून भट्टी तापलेली. सिनेमावाल्यांनीही तोच दिवस धरला, कारण ऊन चांगलं होतं. त्यांना हवी होती रात्र, पण उजेडाशिवाय शूटिंग होत नाही, म्हणून कॅमेऱ्यापुढं निळी काच लावून ते दुपारची रात्र करत. उर्बिनानं मला त्या काचेतून बघायला दिलं. खरंच, आमचा डोंगर निळा-काळा, चांदण्यातला. मी काच काढली तर ऊन भगभगीत आणि माझी कोंबडी उकिरड्यावर.

नार्सिसो नावाचा त्यांचा मेकअपवाला होता. गोल गुटगुटीत माणूस. सकाळभर तो अमारोच्या गालांवर सरस लावून केस चिकटवत बसला. दोसिंदा शेजारी स्टुलावर. नंतर त्यानं ते कातडं आणलं. डोक्यापासून टाचेपर्यंत एकसंध, काळंभोर, पाठीला बंद. अमारो उभा राहिला आणि आत शिरला. सांगते, हीरोच्या अंगावर ते पोत्यासारखं लोंबायचं. याला असं बसलं, जणू त्याच्याच मापानं शिवलं होतं. नार्सिसोनं आरसा धरला. अमारोनं डोळे मिटून घेतलेले.

“उघड,” दोसिंदा म्हणाली.

त्यानं उघडले.  तो स्वतःकडं बघत राहिला, उजवीकडून बघितलं, डावीकडून बघितलं, आणि बाहेर गेला.

गाव भिंतींवर, दगडांवर, झाडांवर चढून बसलं होतं. उर्बिनानं भोंग्यातून आरोळी दिली, आणि वरच्या कड्यावरून अमारो निघाला. काय पळाला, बाई! झुडपं ओलांडत, दगडावरून दगडावर, आणि मध्येच थांबून मान वर करून ओरडला. त्याला तसं ओरडायला सांगितलं होतं, मला माहीत होतं, तरी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. बायका क्रूस काढायला लागल्या. त्याला पुन्हा वर पाठवला. तो पुन्हा पळाला. मग आणखी एकदा. चौथ्या वेळी लोकांची भीती थोडी थोडी जिरायला लागली. पाचव्या वेळी माझ्या शेजारची म्हणाली, “बिचाऱ्याला पाणी तरी द्या कुणीतरी.”

भट्टी उताराच्या पायथ्याशी. ताई तिच्या दारात उभी होती. पाव भट्टीत सारायचं लांब दांड्याचं लाकडी फावडं हातात, आणि नजर अमारोवर खिळलेली. तिचे पाव आत करपत होते. ताईचे पाव करपताना मी त्याआधी कधी बघितले नव्हते.

जेवायची सुट्टी झाली. नार्सिसोनं बंद सोडले, अमारो घामानं निथळत कातड्यातून बाहेर आला, आणि कातडं वाळायला म्हणून भट्टीजवळच्या भिंतीवर टाकलं. गालावरचे केस तसेच. सगळे माझ्याकडं जेवायला. मी वाढत होते, तेवढ्यात बाहेर नार्सिसोची किंकाळी ऐकू आली. माणूस मेला की काय म्हणून आम्ही धावलो.

बघते तर काय! भिंत रिकामी. आणि ताई ते कातडं दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून भट्टीकडं पळत होती. तिच्या वयाची बाई! गुडघेदुखीनं चर्चमध्ये गुडघे टेकवायची नाही, ती पळत होती! मागं नार्सिसो धापा टाकत. तो पोचायच्या आत तिनं कातडं फावड्यावर टाकून आत सारलं, लोखंडी दार आदळलं आणि दारासमोर फावडं आडवं धरून उभी राहिली.

आणि मग मला सगळं समजलं, एकदम. लांडगामाणसाला सोडवायचा दुसरा एक उपाय आमच्याकडं सांगतात. त्याचं कातडं सापडलं, तो त्यातून बाहेर असताना ते कुणी पळवलं आणि शेवटच्या केसापर्यंत जाळलं, तर तो माणूस कायमचा माणूस होतो. पण जाळणारं त्याला घरचं मानणारं असावं लागतं, आईसारखं. अर्धवट जळकं बाहेर ओढलं तर मात्र सुटकेची वाट बंद. अमारोला आई नव्हती, आणि त्याचं कातडं कधी कुणाला दिसलं नव्हतं.

“सरका बाजूला!” नार्सिसो रडकुंडीला आलेला. “किती महिने खपून केलंय मी ते!”

“इतकी वर्षं शोधतेय मी ते!” ताई गरजली. “त्याची झोपडी उचकली, गोठे उचकले, ओढ्याकाठची बिळं हात घालून बघितली. मिळणार कसं? माद्रिदला होतं!”

मी डोळे फाडून बघत राहिले. माझी बहीण, जी त्याच्या सावलीला उभी राहत नाही असं मला वाटायचं, ती इतकी वर्षं चोरून त्याचं कातडं शोधत होती! नकार द्यायची आणि दुसऱ्या दिवशी ओढ्यात हात घालून बिळं चाचपायची. आणि मला, सख्ख्या बहिणीला, एका शब्दानं बोलली नाही.

“अहो, बकरीचे केस आहेत ते! बकरीचे! कापडावर शिवलेले!” नार्सिसो ओरडला.

“बघितलं ना कसं बसलं त्याच्या अंगाला? बकरी म्हणे! तुझ्या त्या हीरोच्या अंगावर गोणपाट दिसत होतं!”

उर्बिना धावत आला. त्याला काय चाललंय ते समजेना, पण सिनेमा जळतोय एवढं समजलं. तो ताईला हात लावायला धजेना, तिच्या हातातलं फावडं तेवढं लांब होतं. तो अमारोकडं वळला. “अरे, तू काढ! तुझं ऐकतील त्या. अजून जळालं नसेल, नुसतं होरपळलं असेल. ओढ बाहेर!”

सगळं गाव अमारोकडं बघायला लागलं. दाराच्या फटींतून धूर येत होता. सांगतात, कातडं जळताना लांडगामाणूस तळमळतो, जमिनीवर लोळतो. म्हणून सगळे दोन पावलं मागं सरकलेले. एकटी दोसिंदा पुढं सरकली. तिच्या कोपरांपर्यंत पीठ, आणि चेहरा पांढराफटक.

अमारो भट्टीपाशी गेला. ताईच्या अगदी समोर, फावडं मध्ये. गालावर अर्धे केस चिकटलेले, अर्धे लोंबत होते. ताई जागची हलली नाही.

“दुखतंय का रे?” तिनं विचारलं. आवाज एकदम बारीक झालेला.

अमारोला खोटं बोलता येत नाही, हे मी त्याच्या लहानपणापासून बघितलंय. त्यानं थोडा विचार केला.

“दुखत होतं,” तो म्हणाला. “आता नाही.”

आणि तो रडला. उभ्या उभ्या, हात खाली सोडून, लहान पोरासारखा रडला. ताईनं फावडं टाकलं आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. तिच्या खांद्यापर्यंत यायला त्याला कमरेत वाकावं लागलं. “रड, रड,” ती म्हणत होती, “पण दार कुणी उघडू नका रे, अजून राहिलंय!” मी ढसाढसा रडत होते, शेजारीण रडत होती. आणि नार्सिसो तर सगळ्यांपेक्षा जोरात.

शेवटी अमारोनं डोळे पुसले आणि दोसिंदासमोर जाऊन उभा राहिला.

“दोसिंदा, मला तुझ्याबरोबर राहायचंय. घरात. सगळे दिवस.”

“आत्ता विचारतोस?” ती म्हणाली. “अख्ख्या गावासमोर? तोंडाला सरस फासून?”

“मग नंतर विचारू?”

“खबरदार!” असं म्हणून तिनं पिठाच्या हातांनी त्याचं तोंड धरलं. नंतर ते पीठ आणि सरस एकत्र वाळलं, आणि ते काढायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात पडलं.

उर्बिनानं आधी पोलिसांची भाषा केली. मग मी त्याला बसवून दोन पेले पाजले. बायकांनी आठवडाभर बसून घरच्या शेळ्यांच्या कातड्यांचं नवीन कातडं शिवून दिलं. पण अमारोनं ते घालायला ताईनं साफ मनाई केली. “माझा जावई असलं काही अंगाला लावणार नाही,” म्हणाली. लग्न व्हायच्या आधीच जावई! शेवटी उरलेलं पळणं हीरोलाच ते घालून करावं लागलं, मुरगळलेल्या घोट्यानं. त्यांच्या सिनेमातला हंगेरीचा लांडगा लंगडा आहे. कुणी कारण विचारलं तर आता तुम्हाला माहीत आहे.

पण मी गिळून ठेवलेली गोष्ट ही नव्हे. ही तर सगळ्या गावानं बघितली.

त्या दुपारी अमारोला मागच्या खोलीत बसवून मी कोमट तेलानं त्याच्या गालांवरचा सरस सोडवत होते. तो म्हणाला, “मावशी, ते बकरीचंच होतं.”

माझा हात थांबला.

“इतका वेळ मीच आत होतो ना. शेळ्यांत जन्म गेला माझा. पण मी वाट बघत होतो, मावशी. आत शिरल्यावर काहीतरी होईल, भान जाईल, असं वाटत होतं. पळालो, ओरडलो, पुन्हा पळालो. आणि आत मीच होतो. सगळा वेळ मीच. पायात काटा मोडलेला, पाणी पाणी करणारा. लांडगा आला असता तर तेव्हाच यायला हवा होता, नाही का?”

“मग भट्टीपाशी का रडलास, बाबा?”

“एरुंदिनाकाकू पळत होत्या, बघितलंत ना? त्यांचे गुडघे किती दुखतात. माझ्यासाठी आजवर कुणी पळालं नव्हतं.” मग त्यानं माझं मनगट धरलं. “त्यांना कळू देऊ नका हं, की मला माहीत आहे. त्यांना वाटू दे, त्यांनी मला सोडवलं. तसं सोडवलंच आहे. शपथ घ्या.”

घेतली शपथ. माझ्यासारखीनं! नाक शिंकरून बाहेर आले आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प बसले.

सूर्य कलला तेव्हा भट्टी निवली होती. ताई एकटीच राख ओढत होती. मी मदतीला गेले.  ती राखेकडं बघतच म्हणाली, “वास आला होता मला.”

“कसला?”

“उगाच वेड पांघरू नकोस. बकरीचा. दार लावलं आणि धूर नाकात गेला. बकरी आणि सरस. जन्म गेला माझा या भट्टीपाशी, जळकी बकरी मला कळत नाही होय? पायाखालची जमीनच सरकली. म्हटलं, एरुंदिने, गाढवपणा केलास, आता ओढ बाहेर आणि माफी माग. आणि मान वर केली तर तो समोर. त्याच्या तोंडाकडं बघितलंस तू?”

“बघितलं, ताई.”

“मग कशी काढू?”

 माझी जीभ वळवळलीच. “म्हणजे तुझ्या हिशेबानं तो अजून सातवाच. काही सुटलं नाही.”

“सातवाच.”

“आणि तरी लेक देतेस?”

तिनं ओढणं थांबवलं. कपाळावरचा घाम पुसला, तर कपाळभर राखेचा पट्टा. “इतकी वर्षं मी कातडं शोधत बसले, हेर्मितास. माणसाकडं धड बघितलंच नव्हतं. आज बघितलं. देते. पुनवेला काय व्हायचं असेल ते माझ्या घरात होऊ दे, मी आहे ना उशापायथ्याला.”

मी तिला मिठी मारायला गेले, तर तिनं फावड्याचा दांडा मध्ये घातला.

“आणि हे बघ, त्याला यातलं काही कळता कामा नये. त्याला वाटतंय तो सुटला. वाटू दे. तुझ्या तोंडाला कुलूप नाही हे मला माहीत आहे, म्हणून इथंच, या भट्टीवर हात ठेव आणि शपथ घे.”

मी हात ठेवला. वीट अजून गरम होती. माझ्या आयुष्यातल्या दोनच शपथा मी पाळल्या, आणि त्या दोन्ही त्याच एका दिवसातल्या.